एकतीस जूनवाल्या ताई

उज्जैनमध्ये टावर चौकापासून देवास गेटपर्यंत असं एकही दुकान नसेल, ज्याच्या पाटीवर आमच्या घरमालकांच्या ताई एकदा तरी चिडलेल्या नाहीत. लोक रस्त्यानं चालताना माणसं बघतात, गाड्या बघतात. ताई फक्त पाट्या बघतात, आणि बघून झालं की त्यांना राग येतो. पिवळ्यावर लाल का लिहिलं, मालापेक्षा मालकाचा फोटो मोठा का, साध्या किराण्याच्या दुकानाला सोनेरी अक्षरं कशाला, या सगळ्याचं उत्तर त्यांना त्या दुकानदाराकडूनच हवं असतं, आणि तेही उभ्या उभ्या. एकदा माझ्यासमोर त्या एका चष्म्याच्या दुकानात शिरल्या. पाटीवरची अक्षरं इतकी बारीक होती की रस्त्यापलीकडून वाचता येत नव्हती. ताई मालकाला म्हणाल्या, "भैया, जिसको दिखता नहीं वही तो तुम्हारे पास आएगा. उसके लिए ये बोर्ड लगाया है?" मालकाला वाटलं, या सरकारी तपासणीवाल्या असणार. त्यानं घाईघाईनं कोल्ड ड्रिंक मागवलं. ताईंनी ते सगळं प्यायलं आणि मग राहिलेला राग पुरा केला. पुढच्या महिन्यात तिथं मोठ्या अक्षरांची नवी पाटी आली. ताईंना तीही आवडली नाही.

घरमालक त्यांना ताई म्हणतात, म्हणून आम्हीही ताईच म्हणतो. आम्ही घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. बाबा पिठाच्या चक्कीवर कामाला आहेत आणि आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. ताईंना माझं नाव माहीत आहे, पण त्या मला 'कॉलेज' म्हणूनच हाक मारतात. "अगं कॉलेज, वर ये, डोळे घेऊन ये." डोळे घेऊन ये म्हणजे त्यांनी काहीतरी नवीन बनवलेलं असायचं आणि ते खरं वाटतं की खोटं, हे मी सांगायचं असायचं. मी 'खरं वाटतं' म्हटलं की त्या विचारायच्या, कशावरून? कशावरून ते मला सांगता यायचं नाही. मग त्या चिडायच्या. 'खोटं वाटतं' म्हटलं तर त्याहून जास्त चिडायच्या. पहिले काही महिने मी जिन्याजवळून चपला हातात घेऊन जायची.

ताईंचं काम सिनेमातले कागद आणि पाट्या बनवण्याचं. सिनेमात नायक वर्तमानपत्र उघडतो ते वर्तमानपत्र, त्याच्या खिशातलं बसचं तिकीट, आईच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, गल्लीतल्या दुकानांची नावं, भिंतीवरची निवडणुकीची पोस्टरं, हे सगळं कोणीतरी बसून बनवतं, हे मला ताई भेटेपर्यंत माहीत नव्हतं. बरीच वर्षं त्या मुंबईत हेच काम करायच्या. मग तिथल्या सगळ्यांशी भांडून झालं, असं घरमालक म्हणतात, तेव्हा त्या उज्जैनला परत आल्या आणि गच्चीवरच्या खोलीत बसून काम करू लागल्या. गच्चीवरच्या दोरीवर आमच्या कपड्यांशेजारी चहात बुडवलेली प्रेमपत्रं वाळत असायची. आईनं एकदा बिचारीनं मदत म्हणून ती कपड्यांबरोबर घडी करून खाली आणली, वर नीट दाबून ठेवली. ताईंनी आकांडतांडव केलं, कारण घडी चुकीच्या जागी पडली होती. प्रेमपत्राची घडी तीनदा उघडून मिटल्यासारखी हवी, इस्त्रीच्या कपड्यासारखी नको, असं त्यांचं म्हणणं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आपल्याला काय माहीत बाई, आपल्याला कुठं कोणी लिहिलं." त्यावर मात्र ताई हसल्या, आणि त्या दिवसापासून आईवर कधी चिडल्या नाहीत. आमच्या घरात ही मोठीच मिळकत समजली जाते.

पण त्यांचा जीव खरा शिक्क्यांत. बाजारात आता मशिनवर लगेच शिक्का करून मिळतो. ताई तो हातात घ्यायला तयार नसतात. त्या शाळेतल्या खोडरबरावर ब्लेडनं स्वतः कोरतात. ऑफिसातला बाबू शिक्का मारताना कंटाळलेला असतो, म्हणून एक कड गडद उठते आणि दुसरी पुसट. शाईचं पॅड मधेच सुकलेलं असतं. गोलाची रेघ कुठेतरी तुटलेली असते. ही तुटलेली रेघ कोरायला त्यांना दोन दोन दिवस लागतात. खरं राजचिन्ह वापरायचं नाही हा नियम, म्हणून प्रत्येक सिनेमासाठी त्या नवीन चिन्ह काढतात. मागच्या सिनेमासाठी हरीण काढलं होतं. गोलात मान वळवून उभं राहिलेलं हरीण, खाली 'नगर पालिका', शाई जांभळी. मला ते दाखवून म्हणाल्या, "हा शिक्का माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आहे, कॉलेज. हा बघून खरी पालिका घाबरेल."

एवढं खरं दिसणारं खोटं बनवायचं म्हणून त्यांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतलं होतं. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक सरकारी कागदावर तारीख असायची एकतीस जून. पडद्यावर कोणाला ती दिसत नाही, पण कागद कोणाच्या हाती लागला तर त्याला कळावं की ही गंमत आहे, असा त्यांचा हिशेब. या हिशेबाची परीक्षा त्यांच्याच घरात झाली. त्यांनी बनवलेलं विजेचं बिल जिन्यात पडलं, घरमालकांनी उचललं, आकडा बघून बायकोला कूलरवरून बोलले आणि ते बिल घेऊन थेट रांगेत उभे राहिले. रांग लांब होती म्हणून परत आले, नाहीतर भरूनच आले असते. ताईंनी त्यांना अंगणात उभं करून विचारलं, "भाऊ, एकतीस जूनपर्यंत बिल भरणार होतास? कुठल्या देशात?" भाऊ म्हणाले, "मी आकडा बघितला, तारीख कोण बघतं." आम्ही सगळे पोट धरून हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

त्या हरणाच्या सिनेमाचं शूटिंग आमच्याच शहरात होतं. जुन्या भागातली एक गल्ली निवडली होती. गोष्ट अशी की गल्ली रस्तारुंदीत जाणार असते आणि तिथली माणसं लढतात. गोष्ट चांगली होती, आता रागात मी तिला वाईट म्हणणार नाही. ताईंनी गल्लीसाठी नव्या पाट्या केल्या, आणि कॉलेज सुटलं की मी त्यांच्या हाताखाली असायची. खऱ्या बंद दुकानावर त्यांनी एक खोटं मेडिकल उभं केलं, ते इतकं खरं झालं की एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन विचारायचे, गॅस की गोली आई क्या. ताई त्यांच्यावर एकदाही चिडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या खरोखरच पर्समध्ये गोळ्यांची पट्टी ठेवू लागल्या.

गल्लीच्या तोंडाशी एका टेलर मास्टरजींचं खरं दुकान होतं. शाळेचे युनिफॉर्म शिवायचे. पुढं दगडी ओटा, वर पत्र्याची सावली, आणि वडिलांनी बसवलेली सागवानी चौकट. ताईंनी त्या दुकानाला हात लावला नाही. त्यांच्या तोंडून ऐकलेली ती एकमेव स्तुती: "इथं मी काही करायचं नाही. हे आधीच बरोबर आहे." ताई तिथं बसून चहा प्यायच्या, मास्टरजी मशीन चालवत ऐकायचे. "ताई, आप गुस्सा करती हो तो मेरी सिलाई सीधी जाती है," असं ते म्हणायचे, आणि आणखी कोणी असं म्हटलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं.

मग नोटिसांचा सीन आला. गल्लीतल्या प्रत्येक दारावर पालिकेची नोटीस चिकटवायची, सात दिन में स्थान खाली करें. त्या दिवशी मास्टरजी गावात नव्हते, मुलीकडे शाजापूरला गेले होते. दुकान वापरायची परवानगी त्यांनी, सीन कसला ते न विचारता, आधीच दिलेली होती, त्यामुळे त्यांच्या बंद दारावरही नोटीस लागली. सीन झाला. युनिटच्या माणसांनी नोटिसा काढल्या, पण मास्टरजींच्या दारावरची एक राहिली. दुसऱ्या दिवशी सगळं युनिट नानाखेड्याला बस स्टँडचा सीन करायला गेलं, आणि सकाळच्या बसनं मास्टरजी परत आले.

आमच्या शहरात सध्या ठिकठिकाणी रस्ते रुंद होत आहेत, त्यामुळे दारावरचा कागद बघून कोणी हसत नाही. आणि इथले लोक एक गोष्ट शिकले आहेत. पालिकेची पाडायची मशीन आली की ती चौकट, पत्रा, फरशी काही बघत नाही, सगळ्याचा चुरा करते. म्हणून मशीन यायच्या आधी माणसं स्वतःच आपलं घर पुढून उतरवतात. पत्रे सोडवतात, चौकट अलगद काढतात, विटा रचून ठेवतात. जे वाचेल ते वाचेल. मास्टरजींनी तेच केलं. कोणाला विचारलं नाही. हत्यारं काढली आणि आपल्याच दुकानाचा पुढचा भाग आपल्या हातानं उतरवायला लागले.

आणि गल्ली बघत होती. समोरचा पानवाला, वरच्या मजल्यावरच्या बायका, सगळे बघत होते, आणि सगळ्यांना वाटलं हा शूटिंगचाच सीन आहे. मास्टरजींना सिनेमात रोल मिळाला, असं म्हणून पोरांनी, बायकांनी मोबाइलवर काढून घेतलं. पानवाल्यानं नंतर मला सांगितलं, "अपन को लगा भिया क्या एक्टिंग कर रहे हैं, सच्ची के आँसू निकाल लिए."

संध्याकाळी ताई आणि मी बस स्टँडच्या पाट्या उतरवून गल्लीत आलो. दुकानाच्या जागी दात पडलेल्या तोंडासारखं भोक होतं. ओटा फुटलेला. विटा एका बाजूला नीट रचलेल्या, चौकट चादरीत गुंडाळून भिंतीला टेकवलेली. मास्टरजी शिलाई मशिनीला दोरी बांधत होते. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. ताईंना बघून म्हणाले, बरं झालं आलात, तुमच्या सिनेमाचं काम झालं का, कारण आता दुकान दिसणार नाही. ताईंनी बाजूला काढून ठेवलेल्या दारावरचा कागद बघितला. मग त्यांना सांगावं लागलं. त्यांनी कसं सांगितलं मला आठवत नाही, पण मास्टरजींच्या हातातली दोरी तशीच राहिली, एवढं आठवतं. ते खूप वेळ रचलेल्या विटांकडे बघत होते. एकदा हसल्यासारखं केलं, ते मात्र मला बघवलं नाही.

युनिटचं व्यवस्थापन बघणारा एक तरुण होता, छान बूट घालणारा. त्याला फोन करून बोलावलं. त्यानं सगळं बघितलं, ऐकलं आणि खरंच मनापासून म्हणाला, "मॅडम, इससे बड़ा कॉम्प्लिमेंट क्या होगा आपके काम का?"

मी ताईंना रागावताना शंभर वेळा बघितलं होतं. तो राग वेगळा होता, त्यात मजा असायची. हा नव्हता तसा. त्यांचा आवाज चढलाच नाही. त्यांनी दारावरचा कागद सोलून काढला, त्याच्यासमोर धरला आणि तारीख वाचायला सांगितली. तिथं पुढच्याच आठवड्यातली तारीख होती. ताईंनी दिलेल्या कागदावर एकतीस जून होती. मधल्या मधे कोणाच्या तरी लक्षात आलं की मोबाइलवर थांबवून बघणारे प्रेक्षक चूक पकडतील, म्हणून ताईंना न विचारता तारीख बदलून नोटिसा पुन्हा छापल्या होत्या. तो तरुण म्हणाला की ती चूक होती आणि त्यांनी ती सुधारली. ताई म्हणाल्या, "वो गलती नहीं थी. पूरे कागज़ में वही एक चीज़ सही थी." मग त्या बोलत राहिल्या. हा माणूस रस्त्यावर आला तो तुमच्या त्या सुधारणेमुळे, माझी तारीख राहू दिली असती तर ही वीटसुद्धा हलली नसती, हे त्यांनी तीन तीनदा सांगितलं. तो तरुण म्हणत राहिला की हमारी फिल्म तो इन्हीं लोगों के लिए है. मलाही इतका राग आला होता की मी पहिल्यांदाच मोठ्या माणसांच्या मधे बोलले. म्हणाले, तुमच्या घरी कधी कोणी कागदाला घाबरलं नसेल. आमच्या घरी सरकारी कागद आला की बाबा आधी हात धुतात. एवढं बोलून मला रडू आलं, त्यामुळे पुढचं राहिलं.

आणि मग मास्टरजी बोलले. अगदी हळू, ताईंना समजावल्यासारखं.

"ताई, तारीख तो मैंने देखी ही नहीं. मोहर देखी. मोहर देख के फिर आगे क्या पढ़ना."

ताईंनी कागद खाली केला. हरीण मान वळवून उभं होतं, एक कड गडद, एक पुसट, गोलाची रेघ तुटलेली. मला वाटतं, तो शिक्का त्यांनी तेव्हा पहिल्यांदा मास्टरजींच्या डोळ्यांनी बघितला. त्यांच्याजवळ त्या तरुणाला बोलायला अजून पुष्कळ होतं, ते सगळं बरोबरही होतं, तरी त्या गप्प बसल्या. तो तरुण मात्र सुटल्यासारखा झाला. मला त्याच्यावरचा राग अजून आहे, आणि तो जाऊ नये असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी युनिटनं भरपाई केली. म्हणजे त्यांना वाटलं तशी केली. गल्लीचे सीन बाकी होते आणि दुकान आधीसारखं दिसणं त्यांना गरजेचं होतं, म्हणून सेटच्या सुतारांनी सकाळभरात पूर्ण दर्शनी भाग उभा केला. ओटा प्लायवुडचा, त्यावर दगडाचा रंग. विटा थर्मोकोलच्या. दुरून बघितलं तर पूर्वीपेक्षा सुंदर. मास्टरजींनी सवयीनं त्याला सायकल टेकवली आणि आख्खं दुकान हललं. पानवाला हसला. मास्टरजी सायकल हातात धरून उभे राहिले.

ताई घरी आल्या, गच्चीवरच्या खोलीतले सगळे राहिलेले कागद, कोर्टाचा निकाल, शेवटच्या सीनमधलं वर्तमानपत्र, मोर्च्याचे फलक, सगळं एका पेटीत भरलं, पेटी रिक्षात घालून गल्लीत नेली आणि तिच्यावर बसल्या. म्हणाल्या, आधी वीट, मग कागद. फोन आले, दिग्दर्शक स्वतः आले, त्यांनी कराराची आठवण करून दिली, मुंबईत पुन्हा काम मिळणार नाही असंही कोणीतरी गोड शब्दांत सांगितलं. ताई म्हणाल्या की मुंबईत सगळ्यांशी माझं आधीच भांडण आहे, तुम्ही नवीन काय करणार. पण बोलताना त्यांचा हात पेटीच्या कडीवर घट्ट होता, ते मी बघितलं. हे काम गेलं तर त्यांच्याकडे दुसरं काही नाही, हे घरमालकांनी मला आधीच सांगितलं होतं. दुपारभर त्या उन्हात बसल्या. वरच्या मजल्यावरच्या ज्या बायकांनी आदल्या दिवशी मोबाइल धरला होता, त्यांच्यातल्या एकीनं छत्री आणून त्यांच्या डोक्यावर धरली आणि ती खाली बघत उभी राहिली. संध्याकाळी मिस्त्री आला.

खऱ्या विटा लागायला लागल्या. ताई रोज खुर्ची टाकून बसायच्या आणि मिस्त्रीला रेघ सरळ नाही म्हणून सुनवायच्या. तो वैतागून मास्टरजींना विचारायचा, ये मैडम कौन हैं आपकी? मास्टरजी म्हणायचे, बहन हैं. चादरीतून काढलेली सागवानी चौकट जागेवर बसली तेव्हा मास्टरजींनी तिला हळद-कुंकू लावलं, आणि ताई दुसरीकडे तोंड करून मिस्त्रीवर उगाचच चिडल्या.

शेवटच्या दिवशी ओटा पुरा झाला. मास्टरजींनी आम्हाला चहा दिला. मशीन सुरू केली, बंद केली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. मग ते ताईंना म्हणाले,

"ताई, आप तो सब कागज़ बना लेती हो. एक ऐसा बना दो कि ये दुकान अब नहीं टूटेगी. मोहर वही लगा देना."

ते गंमत करत होते का, मला कळलं नाही. मला वाटतं, अर्धी गंमत होती. ताईंना कुठलाही कागद करता येतो. जन्माचा दाखला, निवडणुकीचा निकाल, फाशीचा हुकूम, मी सगळं दोरीवर वाळताना बघितलं आहे. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "वो मुझसे नहीं बनेगा, मास्टरजी."

मास्टरजींनी मान हलवली, जणू त्यांना तेच ऐकायचं होतं, आणि पुन्हा मशिनीवर बसले. त्यांनी युनिफॉर्मची बाही घेतली. बाहेर नव्या ओट्यावर ओली पोती टाकली होती, उन्हानं ती सुकत आली होती. हे किती दिवस ओलं ठेवायचं, असं ताईंनी विचारलं. मास्टरजी मान वर न करता म्हणाले, हफ्ताभर तो रखना पड़ेगा, नहीं तो तड़क जाएगा. ताई उठल्या, कोपऱ्यातली बादली घेतली आणि कडेपासून सावकाश पाणी घालत पोती पुन्हा भिजवली. मग मला म्हणाल्या, "कॉलेज, उद्या सकाळी तुला लेक्चर आहे का?" मी नाही म्हटलं. होतं खरं तर.